अजिंठ्याच्या चित्रांवरचा पिवळेपणा कुठून आला? थोडी पार्श्वभूमी

अजिंठ्याची चित्रं पिवळट, काळपट का दिसतात असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, वय झालं. वय झालंच आहे, पण त्या पिवळेपणातला बराचसा गेल्या दीडशे वर्षांतला आहे आणि तो चित्रं वाचवायला गेलेल्या लोकांच्या हातून आलाय. म्हणून कला म्हणजे काय असा विषय निघाला की मला पुरावा आणि सरकारी धोरण या गोष्टी त्यापासून वेगळ्या काढताच येत नाहीत.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि लेणी पुन्हा जगासमोर आली. १८४४ ला ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिलला चित्रांच्या नकला करायला नेमलं, त्याने तिथे वर्षानुवर्षं घालवली आणि त्यातल्या बहुतेक नकला १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. अंधारात रंग नीट दिसेनात म्हणून चित्रांवर व्हार्निश मारलं गेलं, रंग उजळले, काम झालं, आणि १८८५ ला यातल्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच जळाल्या. व्हार्निश मात्र भिंतीवर राहिलं.

लेणी तेव्हा निजामाच्या हद्दीत. गुलाम यझदानींच्या पुरातत्त्व खात्याने १९२० च्या सुमारास इटलीहून जुनी चित्रं दुरुस्त करणारे चेक्कोनी यांना बोलावलं. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचं मोठं काम आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे, नाहीतर आज आहे तेवढंही उरलं नसतं. पण रंग धरून ठेवायला त्यांनी लाखेचा, म्हणजे शेलॅकचा थर दिला.

इथे चित्रांची घडण समजून घ्यायला हवी. युरोपातल्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात, तो चुन्यातच मुरतो. अजिंठ्यात दगडावर माती, भुसा, गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो सुकला की डिंक किंवा सरसात कालवलेला रंग. म्हणजे रंग वर बसलेला, नाजूक. लाखेचा थर हळूहळू पिवळा पडला, धूळ धरून बसला, आकसला की रंगाची खपली उचलायला लागला. अफगाणिस्तानातून आणलेल्या लाजवर्दाचा, म्हणजे निळ्या दगडाच्या पुडीचा, निळा असल्या पिवळ्या थराखालून हिरवट दिसतो! आता आपण बघतो ते चित्रकाराचं की लाखेचं?

माझ्या मते कलेच्या अर्थाचा प्रश्न इथे पुस्तकातून उठून भिंतीवर येतो, कारण काय जपायचं हे ठरल्याशिवाय कसं जपायचं ते ठरत नाही. ग्रिफिथ्सना नक्कल महत्त्वाची होती, निजामाच्या खात्याला भिंतीवर चित्र टिकणं. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्यावर रसायनशाखेने हा थर काढायचं काम हाती घेतलं, तेही फार जपून, कारण थर विरघळवणारा द्रावक जरा जास्त झाला तर लाखेबरोबर मूळ रंगही निघतो.

आणि माणसांचा श्वास, दमटपणा हा वेगळाच भाग. फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्को गुहा १९४८ ला लोकांसाठी उघडली, गर्दीमुळे हवा बदलली, भिंतींवर शेवाळ आलं आणि १९६३ ला ती बंदच केली, पुढे १९८३ ला शेजारी प्रतिकृती उघडली. अजिंठ्याला त्याच वर्षी जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. आपल्याकडे गाड्या लेण्यांच्या अलीकडे, फर्दापूरच्या टी पॉइंटलाच थांबवल्या, फ्लॅश बंद केला. पण एका लेण्यात एका वेळी किती माणसं सोडायची हा आकडा भिंतीजवळची आर्द्रता मोजूनच ठरला पाहिजे, सुट्टीतली रांग बघून नाही.