इंजिन लागलं, पेडल गेलं, नाव मात्र सायकलच

सायकलला इंजिन लावायची कल्पना काही जपानची नाही, 1897 मध्येच पॅरिसला पुढच्या चाकावर इंजिन बसवलेली सायकल विकायला आली होती. पण ते राहू दे, कारण आज जपानात 50 सीसी दुचाकी, ज्यांना तिथला कायदा सायकल म्हणतो, बनायच्या थांबल्यात आणि त्यावरून जी चर्चा चाललीये तिचं मूळ 1946 च्या जपानातल्या हामामात्सू गावात आहे.

युद्ध नुकतंच संपलेलं, ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पेट्रोल रेशनवर. तिथल्या सोइचिरो होंडा नावाच्या मेकॅनिकला लष्कराच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं पडून असलेली मिळाली, ती त्याने सायकलला जोडली. पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं, तर थंडीत अंथरुणात पाय शेकायला घेतात ती गरम पाण्याची बाटली! बायकोने ती सायकल गावातल्या रस्त्यांवरून चालवून बघितली. पेट्रोल पुरत नाही म्हणून त्यात पाईनचं तेल मिसळायचे. आवाजावरून लोकांनी नाव पाडलं, बाताबाता. जुनी इंजिनं संपल्यावर 1947 मध्ये त्याने स्वतःचं 50 सीसी इंजिन काढलं.

1952 हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच गावातल्या यंत्रमाग बनवणाऱ्या सुझुकी कंपनीने सायकलला जोडायचं 36 सीसीचं इंजिन पॉवर फ्री आणलं, आणि बाताबातावाल्या होंडाने तसंच कब एफ. पांढरी टाकी, लाल इंजिन, मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला बसवायचं, वजन फक्त 6 किलो, किंमत 25,000 येन. विकायला शोरूम नव्हते, म्हणून देशभरातल्या 50,000 च्या वर सायकल दुकानांना सरळ पत्रं पाठवली. पंक्चर काढणाराच इंजिन बसवून द्यायला लागला, ही खरी कमाल आहे.

आता मुद्दा शब्दाचा. त्याच वर्षी जपानच्या वाहतूक कायद्यात गाड्यांचा एक नवा वर्ग आला, गेन्दोकी-त्सुकी जितेन्शा, म्हणजे शब्दशः 'इंजिन लावलेली सायकल', बोलताना नुसतं गेन्त्सुकी. टू-स्ट्रोक 60 सीसीपर्यंत, फोर-स्ट्रोक 90 पर्यंत, वय 14 पूर्ण असलं की परीक्षा न देता परवाना. लोक म्हणतात हा सवलतीचा कायदा होता. होताच, पण त्यात मोजलं काय तर इंजिन, पेडल नाही! आणि इथेच सगळा गुंता झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. 60 सीसी चालतं म्हटल्यावर कंपन्या लगेच इंजिन वाढवायला लागल्या, मग मोठ्या इंजिनाला सायकलची फ्रेम कशी टिकणार, म्हणून अख्खी गाडीच बनवायला लागले आणि सुट्टं इंजिन विकत घेणारा माणूसच उरला नाही. पुढे स्ट्रोकचा फरक काढून 50 सीसीची रेघ मारली. 1958 ला होंडाची सुपर कब आली, नाव त्या जोड-इंजिनाचंच पण पेडल औषधालाही नाही, तरी कायद्यात ती सायकलच. आपल्याकडे 1972 ला लूना आली तिला निदान पेडल तरी होते, चढावर आम्ही मारलेतही.

हे नाव नुसतं कागदावर राहिलं नाही. सायकलच्या रांगेत बसवलं म्हणून वेगमर्यादा ताशी 30 किमी, आणि 1986 पासून मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर दोन टप्प्यांत, आधी सरळ पलीकडे जा, गाडी वळवून थांबा, मग सिग्नल सुटल्यावर निघा. शेजारून ट्रक 60 ने जातोय आणि याने 30 ने जायचं, हे सुरक्षित कसं, मला तरी पटत नाही.

एप्रिल 2025 पासून 125 सीसीपर्यंतची गाडी, ताकद 4 किलोवॅटच्या आत असली की, त्याच वर्गात धरतात. पांढरी नंबरप्लेट तीच, ताशी 30 ची मर्यादा तीच, आणि कागदावर अजूनही 'इंजिन लावलेली सायकल'.