ढिली ताडपत्री का फाटते

हरभरा निघाला की आमच्या यवतमाळकडची बरीच वावरं पावसाळ्यापर्यंत मोकळी पडतात. अशाच एका वावरात दर मार्चमध्ये आम्ही नववीच्या मुलांना आकाशदर्शनासाठी एका रात्रीच्या मुक्कामाला नेतो. तीन वर्षांपूर्वी नेलं तेव्हा आमच्याकडे पंधरा बाय अठरा फुटांची निळी ताडपत्री होती. एक कोपरा बाभळीला, एक पळसाला आणि उरलेले दोन बांबूंना बांधले. मृग मावळतीकडे कलला तशी मुलं ताडपत्रीखाली येऊन झोपली. रात्री दीडच्या सुमाराला वावधन सुटलं. आधी नुसती फडफड होती, मग फटके बसायला लागले आणि अर्ध्या तासाच्या आत पळसाकडचा कोपरा सुटून मुलांच्या अंगावर आला. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री मी पुन्हा झोपले नाही.

सकाळी वावराचे मालक काका चहा घेऊन आले. कोपऱ्याची रिंग गायब होती आणि तिच्या जागी बोटभर चीर पडली होती. काकांनी ती पाहिली, नाल्याकडे गेले आणि लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घेऊन आले. कोपऱ्यापासून वीतभर आत, ताडपत्रीच्या खालच्या अंगाला त्यांनी तो धरला, वरून कापड त्याच्याभोवती गोळा केलं आणि गोट्याच्या मानेला अंबाडीच्या दोरीचे दोन फास आवळले. पोटली झाली. मग म्हणाले, "मॅडम, रिंगीचा काय भरोसा हाये जी? खडा टाका, खडा."

सोयाबीनच्या गंजीवर, कापसाच्या ढिगावर आणि जागलीच्या खोपीवर विदर्भातले शेतकरी ताडपत्री अशीच बांधतात. रानडुकरं आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून महिनोन्‌महिने रात्री वावरात काढणाऱ्यांचं हे शहाणपण आहे. मी पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. त्या गोट्यामागचं शास्त्र मला ठाऊक होतं, पण मी ते कधी ताडपत्रीला लावून पाहिलं नव्हतं.

ताडपत्रीचं कापड म्हणजे प्लॅस्टिकच्या चपट्या, अरुंद पट्ट्या आडव्याउभ्या विणून त्यांवर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेला असतो. हे प्लॅस्टिक बहुतेक वेळा उच्च घनतेचं पॉलिथिन असतं. ते साध्या दाबाखाली बनवण्याची रीत कार्ल त्सिग्लर यांनी १९५३ मध्ये शोधली आणि त्या कामासाठी त्यांना १९६३ मध्ये ज्युलिओ नाटा यांच्यासोबत नोबेल मिळालं. ओढ सरळ पट्टीच्या दिशेने असेल तर हे कापड चांगलंच चिवट असतं. रिंग बसवायला मात्र कापडाला भोक पाडावं लागतं. तिथल्या पट्ट्या तुटतात आणि त्यांनी पेलायचा भार शेजारच्या पट्ट्यांवर येऊन पडतो. गोल भोक असलेल्या पत्र्याला ओढलं, तर भोकाच्या कडेला सरासरीच्या तिप्पट ताण येतो, हे जर्मन अभियंते गुस्टाव किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवलं. विणलेल्या कापडाचा आकडा थोडा वेगळा येईल, पण गोष्ट तीच आहे. चीर एकदा सुरू झाली की तिच्या टोकाला ताण आणखी एकवटतो, म्हणून ती थांबत नाही. गोट्याच्या पोटलीत एकही पट्टी तुटत नाही आणि ओढ गोट्याभोवतीच्या सगळ्या कापडात वाटली जाते. गोटा तेवढा गुळगुळीत हवा. धारेचा दगड घेतला तर तो स्वतःच कापडाला कापतो.

आता त्या रात्रीच्या वाऱ्याचा हिशेब करू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा ताशी २५ किलोमीटर असेल तर चौरस मीटरला तीन किलोच्या आत भार येतो. तोच ५० झाला तर भार दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे सुमारे ११ किलो. आमची ताडपत्री २५ चौरस मीटरची होती. वारा तिच्यावर समोरून पूर्ण आदळला असता तर पावणेतीनशे किलोंचा जोर चार कोपऱ्यांवर आला असता. तशी ती सपाट बांधलेली होती, त्यामुळे एवढा आला नसेल. पण वारा सपाट कापडाच्या वरूनही जातो आणि खालूनही. कापड वर फुगलं की वरच्या अंगाला हवा वेगाने धावते आणि तिथला दाब कमी होतो. खालून ढकलणं आणि वरून ओढणं एकाच वेळी सुरू झालं की ताडपत्री पतंगासारखी उठते.

तरीही आमची ताडपत्री नुसत्या जोराने फाटली नाही. तिला ढिलाईने फाडलं. ढिलं कापड उठतं, दोरीला झटका देऊन थांबतं, पडतं आणि पुन्हा उठतं. तोच भार हळूहळू देण्याऐवजी एकदम दिला, तर दोरीवर येणारा ताण निदान दुप्पट होतो. मध्ये झोळ असेल आणि कापड वेग घेऊन दोरीवर आदळत असेल, तर कितीतरी पट होतो. अर्ध्या तासाच्या फडफडीत असे शेकडो झटके त्या एका रिंगेने खाल्ले. घट्ट ताणलेल्या कापडाला उठायला जागाच नसते. वारा त्याला दाबतो, पण हिसका देऊ शकत नाही.

म्हणून मुलांना मी आता सगळ्यात आधी दुपट्ट्याचा प्रयोग करायला लावते. चौघांनी दुपट्ट्याची चार टोकं एकाच उंचीवर ताणून धरायची आणि पाचव्याने खालून मधोमध तळहाताने ढकलायचं. कितीही ताणला तरी दुपट्टा वर उचलला जातो. मग समोरासमोरच्या दोघांनी आपली टोकं डोक्यावर न्यायची आणि उरलेल्या दोघांनी गुडघ्याशी. आता खालून ढकला किंवा वरून दाबा, कापड जागचं हलत नाही. आकार घोड्याच्या खोगिरासारखा होतो. उंच टोकांमधले धागे मध्ये खाली झुकलेले असतात आणि ठेंगण्या टोकांमधले मध्ये वर उचललेले. वरून भार आला की तो पहिले धागे पेलतात आणि खालून आला की दुसरे. दर वर्षी तो पाचवा मुलगा किंवा मुलगी दोनदा-तीनदा दाबून पाहते, कारण एवढ्याने फरक पडतो यावर विश्वासच बसत नाही.

याच आकारावर फ्राय ओटो या जर्मन वास्तुरचनाकाराने अख्खं आयुष्य काम केलं. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये शार्त्रजवळ युद्धकैदी होते. तिथे सामान तोकडं होतं, आणि कमीत कमी वस्तूंत निवारा कसा उभा करायचा हा प्रश्न त्यांनी तिथूनच सोबत आणला. १९५५ मध्ये कासेलच्या उद्यान प्रदर्शनात त्यांनी वादकांसाठी छत उभारलं. ते म्हणजे दोन टोकं उंच आणि दोन ठेंगणी असलेलं एक कापड. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिम्पिक स्टेडियमवरचं तंबूसारखं छत याच विचाराचं मोठं रूप आहे. २०१५ मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. चार मुलांच्या हातातला दुपट्टा आणि कासेलचं ते छत यांत तत्त्वाचा काहीही फरक नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

खोगिराचा दुसरा फायदा पावसात कळतो. २५ चौरस मीटरवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०० लिटर पाणी, अर्धा टन. सपाट ताडपत्रीवर थोडं पाणी साचतं, त्याच्या वजनाने खळगा होतो आणि खळग्यात आणखी पाणी येतं. हे चक्र बांबू मोडल्यावरच थांबतं. ठेंगणे कोपरे असले की पाणी आपोआप तिकडे वाहून जातं. ते पडेल तिथून उतारावर बोटभर खोलीचा चर काढला म्हणजे अंथरुणात येत नाही.

'ताण हवा' हे ऐकलं की मुलं ताडपत्रीला मधून आधार द्यायला दोन झाडांमध्ये बांधलेली दोरीसुद्धा तारेसारखी ताणायला जातात. तिथे मात्र थोडा झोळ हवा. दोरीच्या मध्यावर २० किलो भार आहे असं धरा. दोरी दोन्ही बाजूंना आडव्या रेषेपासून ३० अंश झुकलेली असेल तर तिच्यात २० किलोच ताण येतो. तीच ५ अंशांवर आणली तर ताण सुमारे ११५ किलो होतो. दोरी अगदी सरळ ठेवायची तर अनंत ताण लागेल, म्हणजे ती सरळ राहूच शकत नाही. कापडात ढिलाई नको आणि दोरीला झोळ हवा, ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोन्ही खरी आहेत.

झाडाला दोरी बांधताना गाठीपेक्षा वेढे कामाला येतात. खोडाला प्रत्येक पूर्ण वेढा दिला की घर्षणामुळे पकड गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका वेढ्याला साडेसहा पट आणि दोन वेढ्यांना चाळीस पटींहून अधिक. ओढाळ बैल आवरायचा असला की गडी कासरा खुंट्याला दोनदा फिरवतो आणि टोक नुसतं हातात धरतो. त्याचं गणित हेच आहे.

खुंटीसाठी आमची काळी माती मोठी अवघड. बेसाल्टच्या झिजेतून झालेल्या या मातीतली चिकणखनिजं पाणी पिऊन फुगतात आणि वाळली की आकसतात. मार्च-एप्रिलमध्ये वावराला हात आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. भेगेजवळ ठोकलेली खुंटी ढेकळासकट निघून येते, आणि पाऊस झाल्यावर तीच माती लोण्यासारखी मऊ होते. खुंटी ठोकताना तिचं डोकं निवाऱ्यापासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं, म्हणजे दोरीशी काटकोन होतो आणि ओढ आली की खुंटीच्या अंगावरची सगळी माती आडवी येते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे हातभर लांब लाकूड दोरी बांधून आडवं पुरायचं. मग उपसायला त्याच्यावरची सगळी माती उचलावी लागते. आम्ही वाऱ्याच्या बाजूला आता हेच करतो.

उन्हाळ्यातल्या सावलीचा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात निळ्या ताडपत्रीखाली बसलं की डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटतं, कारण तापलेलं कापड खाली उष्णता फेकत राहतं. आपल्याकडे लग्नाच्या मांडवावर जांभळाचे डहाळे घालतात. त्यांखाली गार वाटतं, कारण प्रत्येक पान छोटं असतं आणि त्याच्या चहूबाजूंनी हवा खेळते. सलग मोठ्या कापडापेक्षा ते आपली उष्णता हवेला लवकर देऊन टाकतं. वरचा थर तापला तरी खालच्या पानांना त्याची सावली मिळते. डहाळे नसतील तर दोन ताडपत्र्या हातभर अंतर ठेवून एकीवर एक बांधाव्यात. मधून वारा वाहिला की खालची बरीच थंड राहते.

एका गोष्टीवर कोणतीही ताडपत्री उपाय नाही, ती म्हणजे वीज. मार्च ते जून आपल्या भागात विजा फार पडतात आणि वावरात एकट्या झाडाखाली थांबलेली माणसं दगावतात. निवारा झाडाला बांधलेला असेल तर विजेच्या वेळी तीच सगळ्यात वाईट जागा. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेव्हा सगळं तिथेच टाकून पक्क्या घरात किंवा पत्र्याच्या बंद गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मी मुक्कामाच्या दिवशी दुपारपासून पाहत असते. इशारा आला तर मुक्काम रद्द होतो. मुलं हिरमुसतात, तरी रद्द होतो.

यंदा आम्ही गेलो तेव्हा बाभळीकडचा आणि त्याच्यासमोरचा कोपरा उंच होता, उरलेले दोन गुडघ्याइतके खाली, चारही ठिकाणी गोटे. नायलॉनची दोरी दवाने ओली झाली की सैल पडते आणि अंबाडीची ओली झाली की आखडते, म्हणून झोपण्याआधी सगळ्या दोऱ्या तपासायच्या असं ठरलं होतं. ते काम एका मुलीने मागून घेतलं. तिने सगळ्या ताणदोऱ्या मुद्दाम एकाच लांबीच्या कापून घेतल्या होत्या, कारण वर्गात शिकलेलं तिला आठवत होतं: जाडी आणि लांबी सारखी असेल तर जास्त ताणलेली दोरी वरच्या सुरात वाजते. अंधार पडल्यावर ती एकेका दोरीला बोटाने छेडत, कान लावत निवाऱ्याभोवती फिरली. तीन दोऱ्या एका सुरात वाजल्या. पळसाकडची भदभद वाजली. तिने तिची गाठ सरकवली, पुन्हा छेडली, आणखी चार बोटं ओढली आणि मग मला बोलावलं, "मॅडम, आता ऐका."