माळ्यावरचा लॅपटॉप

दादरच्या घरी माळ्यावर एक जुना लॅपटॉप तीन पावसाळे पडून होता. भाचीला अभ्यासाला द्यावा म्हणून खाली काढला. बटण दाबलं, तर साधा दिवाही लागेना. ‘गेला, भंगारात टाका,’ असं घरच्यांनी सांगून टाकलं. मला ती घाई वाटली.

लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरत असते. बॅटरीत असे अनेक छोटे सेल असतात; पूर्ण भरलेल्या एका सेलचा व्होल्टेज साधारण 4.2 असतो. तो 2.5च्या आसपास खाली घसरला की आतलं संरक्षक सर्किट बॅटरीला तोडतं आणि मग चार्जर लावूनही ती दाद देत नाही. हे आपल्या भल्यासाठीच असतं. सेल फार उतरला की त्यातल्या तांब्याच्या पातळ पत्र्याचं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून बाहेरून वायरी लावून अशी बॅटरी ‘जागी’ करायला कृपा करून जाऊ नका. फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, सरळ ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

मी बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढून पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरलं. कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांत) उरलेला विद्युतभार त्याने निघून जातो आणि अडकून बसलेला, वीजपुरवठा सांभाळणारा कंट्रोलर कधीकधी सुटतो. मग बॅटरीशिवाय नुसता अडॅप्टर जोडला. दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच.

इथे मला मुंबईच्या हवेचा संशय आला. रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीच्या, टोकांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून दमट, खारी हवा खालच्या धातूपर्यंत पोचते, गंज धरतो आणि संपर्क तुटतो. बरेच जण खोडरबराने घासतात, पण त्याने मुलामाही झिजतो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने टोकं पुसली, वाळू दिली आणि रॅम पुन्हा घट्ट बसवली. स्क्रीन उजळली!

“मामा, नेट जोडलंय, पण एकही साइट उघडत नाही!” थोड्या वेळाने भाचीची हाक आली. घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलं होतं. ते चालू ठेवणारा 3 व्होल्टचा बटणसेल संपला होता. तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं संगणकाला अवैध वाटतात. तारीख हाताने नीट केली, साइट उघडल्या. नवा सेल दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून आणला.