बॅकवॉश रोज की गेज बघून? वाळूच्या फिल्टरची पार्श्वभूमी

वाळूतून पाणी गाळून शहराला पुरवण्याचे प्रयोग 1804 मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्लीत झाले, 1829 मध्ये लंडनमध्ये. त्या फिल्टरमधून पाणी तासाला जेमतेम 10-20 सेंटिमीटर उतरायचं. वाळू मळली की वरचा थर खरवडून काढत. खालून उलटं पाणी सोडून वाळू धुणं, म्हणजे बॅकवॉश, 19व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळलं. पोहण्याचे तलाव तोवर भरायचे, पाणी मळलं की सोडून द्यायचे, असेच चालत.

आज सोसायट्यांच्या पोहण्याच्या तलावांच्या प्लँट रूममध्ये दिसतो तो बंद टाकीचा, जलद गतीचा फिल्टर 20व्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यातून पाणी तासाला 30 ते 50 मीटर वेगाने जातं. खरा वाद इथे सुरू होतो: बॅकवॉश रोज करायचा की फिल्टरवरचं प्रेशर गेज बघून?

रोज सकाळी बॅकवॉश करायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. जलशुद्धीकरण केंद्रात दिवस-दोन दिवसांनी वाळू धुणं योग्यच, कारण तिथे नदीचा गाळ तुरटीने बांधून वाळूवर आणलेला असतो. तलावात तेच पाणी फिरत राहतं आणि थोडी मळलेली वाळू ताज्या धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक कण जास्त पकडते. म्हणजे रोज धुऊन आपण गाळणंच कमजोर करतो. पाणी जातं ते वेगळंच. 800 मिमी व्यासाच्या फिल्टरला ताशी 25 हजार लिटरच्या पंपाने पाच मिनिटं बॅकवॉश केला तर सुमारे 2,000 लिटर पाणी गटारात जातं. महिन्याला 60 हजार, म्हणजे दहा हजारी सहा टँकर! एप्रिल-मेमध्ये हे परवडणारं नाही.

म्हणून गेजचा नियम आला: धुतल्यानंतरचं प्रेशर लिहून ठेवायचं आणि ते 0.5 ते 0.7 बारने चढलं की बॅकवॉश. पण गेजही फसवतं. पंपाची जाळी केसांनी भरली की प्रवाहच घटतो, प्रेशर चढत नाही आणि फिल्टर स्वच्छ वाटतो. बोअरच्या जड पाण्याने वाळूचे गठ्ठे झाले की पाणी त्यांच्यामधून वाट काढतं. तेव्हाही काटा हलत नाही. मळ आठवडेच्या आठवडे आत राहिला तर जंतूंचा थर धरतो. त्यामुळे प्रेशर चढो न चढो, वापरातल्या तलावाला आठवड्यातून एकदा बॅकवॉश हवाच. याहून पुढे जाऊन रोजचा आग्रह धरायला आधार नाही.

गेल्या काही दशकांत क्रिप्टोस्पोरिडियममुळे हा मुद्दा गंभीर झाला. हा जुलाब घडवणारा परजीवी 4 ते 6 मायक्रॉनचा. 1 पीपीएम क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून जास्त तगतो. नुसत्या वाळूला तो सापडत नाही. पीएसीसारखं (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) बारीक कण गोळा करणारं रसायन अगदी थोड्या मात्रेत सतत सोडावं लागतं आणि पाण्याचा वेगही कमी ठेवावा लागतो. वाळू नुकतीच धुतलेली असते तेव्हा तो निसटण्याची शक्यता सर्वाधिक.

बॅकवॉश साइट ग्लासमधलं, म्हणजे बाहेर जाणारं पाणी दाखवणाऱ्या काचेतलं, पाणी नितळ होईपर्यंत करायचा, साधारण तीन ते पाच मिनिटं. मग मिनिटभर रिन्स, म्हणजे पाणी नेहमीच्या दिशेने वाळूतून सोडून गटारात काढणं. तो टाळला तर सुटलेला मळ थेट तलावात येतो. फिल्टर, बॅकवॉश, रिन्स बदलणाऱ्या व्हॉल्वचा दांडा फिरवताना दर वेळी पंप बंद. चालू पंपावर फिरवला तर आतला गॅस्केट उचकटतो आणि फिल्टर चालू असतानाही पाणी गटाराकडे जाणाऱ्या वेस्ट लाइनमधून झिरपत राहतं.