पाणी आधी कोणी प्यायचं?

एप्रिलमध्ये आमच्या शाळेच्या ओट्यावरचा रांजण मधल्या सुटीआधीच निम्म्यावर येतो. खानदेशातलं ऊन ते. शाळा सकाळची असली तरी साडेनऊला अंगण तापलेलं असतं. सुटी झाली की पहिली-दुसरीची सत्तावीस मुलं एका ओगराळ्यावर तुटून पडतात. एक दिवस मी मुद्दाम मध्ये पडले नाही. पाच मिनिटांत ओट्यावर चिखल झाला, दोघांचे शर्ट भिजले, रांजणाच्या तळाला गढूळ पाणी उरलं आणि सगळ्यांत लहान मुलगी रिकामा पेला छातीशी धरून खांबाला टेकून उभी राहिली.

सगळ्यांना निंबाखाली बसवलं. ‘उद्यापासून रांग लावायची,’ मी म्हटलं. लगेच प्रश्न आला, ‘काब्र?’

काब्र म्हणजे का, कशासाठी. अहिराणी बोलणारं मूल दिवसातून शंभर वेळा हा शब्द उच्चारतं आणि त्यातल्या नव्वद वेळा मोठी माणसं त्याला गप्प बसवतात. ‘मॅडमनी सांगितलं म्हणून’ हे उत्तर माझ्याही जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि त्या लहानीला तिचा पेला सगळ्यांना दाखवायला सांगितलं. पेला उलटा केला तरी थेंब पडला नाही. मघाशी सर्वांत पुढे घुसलेला मुलगाच हळूच म्हणाला, ‘तिले पानी भेटनंच नही.’

लहान मुलांना नियम आणि कायदे शिकवायचे कसे, याचं उत्तर मला त्या वाक्यात दिसतं. विज्ञानही बऱ्याच अंशी तेच सांगतं.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांसोबत बसून गोट्या खेळले आणि खेळता खेळता त्यांना विचारत गेले, हे नियम कोणी केले? बदलता येतील का? त्यांचं हे काम 1932 मध्ये प्रसिद्ध झालं. पाच-सहा वर्षांची मुलं सांगत, नियम वडिलांनी केले, देवाने केले, गावच्या मोठ्या मंडळींनी केले, ते बदलायचे नसतात. गंमत म्हणजे हीच मुलं खेळताना ते नियम फारसे पाळत नसत. दहाच्या आसपासची मुलं मात्र म्हणत, आपण सगळ्यांनी ठरवलं तर नियम बदलू शकतो. आणि तीच नियम काटेकोर पाळत. वरून आलेला नियम पवित्र वाटतो, पण अंगवळणी पडतो तो आपण मिळून ठरवलेला.

पियाजेंच्या या चित्रात पुढच्या संशोधकांनी एक मोठी भर घातली. अमेरिकेत एलियट टुरिएल, ज्युडिथ स्मेटाना यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना विचारलं, ‘बाईंनी परवानगी दिली, तर दुसऱ्याला मारलेलं चालेल का?’ तीन-चार वर्षांची मुलंही बहुधा नाही म्हणत, कारण त्याला लागतं. पण खेळणी कुठे ठेवायची, कुठे बसून खायचं, अशा नियमांबद्दल विचारलं की म्हणत, तसा नियमच नसेल तर चालेल. म्हणजे एखादी गोष्ट मुळातच वाईट असणं वेगळं आणि चौघांनी सोयीसाठी काही ठरवणं वेगळं, हे त्यांना कळतं. चपला कट्ट्याबाहेर काढणं आणि कोणाला ढकलून न देणं, या दोन्ही गोष्टी आपण एकाच रागाच्या सुरात सांगतो, तेव्हा मुलांना आधीच कळलेला हा फरक आपणच पुसून टाकतो. मला हे फार वाईट वाटतं.

मुलं नियमाची राखणही करतात. जर्मनीत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना एक नवा, साधा खेळ शिकवला गेला. मग एका बाहुल्याने येऊन तो चुकीचा खेळून दाखवला. तीन वर्षांची मुलं ताडकन म्हणाली, असं नाही करायचं! त्यांचं स्वतःचं काहीच बिघडलेलं नव्हतं. आमच्या अंगणात लंगडी चालू असताना कोणाचा दुसरा पाय टेकला की बाहेर बसलेलीसुद्धा ‘आउट, आउट’ ओरडतात, ते उगीच नव्हे.

मग एवढं कळत असून मुलं घुसतात का? कारण कळणं आणि स्वतःला थांबवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. चित्रांच्या पत्त्यांचा एक प्रसिद्ध खेळ आहे. आधी पत्ते रंगानुसार लावायचे, मग सांगायचं, आता आकारानुसार लाव. तीन वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘सशाचे पत्ते कुठे?’ तर बरोबर बोट दाखवतं, पण हातातला पत्ता मात्र जुन्याच सवयीने रंगावर ठेवतं. चार-पाच वर्षांची बरीच मुलं हे सावरू शकतात. कपाळामागचा जो भाग आपल्याला आवर घालतो, तो पिकायला विशी उलटावी लागते. आपला कायदाही हे मानतो. 1860 च्या दंड संहितेत होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे की सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात त्या मुलाची समज किती, हे पाहिलं जातं. शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदच केलं आहे. रांगेत घुसलेल्या सहा वर्षांच्या पोराला मारून त्याचा मेंदू लवकर पिकत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो रेबेका कूमेन आणि एस्थर हरमन यांचा 2018 मधला प्रयोग, कारण त्यात पाणी आहे. सहा वर्षांच्या मुलांच्या जोड्या केल्या. दोघांमध्ये सामाईक साठा एकच, त्यातून प्रत्येकाने आपल्याकडे पाणी घ्यायचं. पाणी चढलं की तरंगणारी बक्षिसं हाती लागत. साठा हळूहळू भरत राही, पण दोघांनी मिळून हावरटपणे ओढला तर कोसळे आणि पुन्हा पाणी येतच नसे. बऱ्याच जोड्यांनी साठा घालवला. पण कितीतरी जोड्यांनी तो टिकवला आणि त्यांचं वागणं पाहण्यासारखं होतं. ती एकमेकांशी बोलत होती, ‘आता दोघं थांबू, आता दोघं घेऊ’ असे दोघांनाही लागू होणारे नियम करत होती आणि वाटाही साधारण सारखा घेत होती. एकानेच दुसऱ्यावर हुकूम चालवला, तिथे पाणी कमी टिकलं. शिक्षक तिथे नव्हता. नियम त्या दोन चिमुरड्यांनी गरजेपोटी घडवला होता.

हे वाचलं तेव्हा मला पांझरेच्या काठची फड पद्धत आठवली. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून गावकऱ्यांनी बंधाऱ्यांतून पाणी वळवून शेती केली. बंधाऱ्याखालची जमीन बहुधा चार फडांत, म्हणजे चार मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी सगळ्यांची सारखी. पाट, त्यातून निघणाऱ्या चाऱ्या, त्यातून शेतात पाणी नेणारे सारंग, असं पाणी उतरत जाई. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या आणि भांडण मिटवायला पंच. हंगामाआधी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती जमिनीची वाटणी. जिथे प्रत्येकाची पट्टी प्रत्येक फडात असे, तिथे पाणी कमी आलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचं ठरलं, तर झळ एकट्यादुकट्याला नाही, सगळ्यांना थोडी थोडी बसे.

सामाईक गोष्ट लोक ओरबाडून संपवतातच, असं अमेरिकेतल्या गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेन, नेपाळ, फिलिपिन्समधल्या पाटपाण्याच्या व्यवस्था अभ्यासून दाखवून दिलं की लोक स्वतः नियम करतात, आपल्यातलाच राखणदार नेमतात, पहिल्या चुकीला सौम्य आणि पुढच्या चुकांना चढती शिक्षा ठेवतात, तिथे सामाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. आता पांझरेच्या वरच्या अंगाला धरणं झाली, कितीतरी फड मोडले. पण जुनी माणसं पाळ्यांच्या गोष्टी अजून सांगतात, आणि त्या मुलांपर्यंत पोचल्याच पाहिजेत.

म्हणून मी एका आप्पांना वर्गात बोलावलं. त्यांच्या वडिलांनी पाटकऱ्याचं काम केलेलं. आप्पांनी फरशीवर खडूने बंधारा, पाट, चाऱ्या काढल्या. एका मुलाने विचारलं, ‘आप्पा, रातले कोनी पानी चोरं तं?’ आप्पा म्हणाले, पहिल्या वेळी पंच समजावून सांगत, दुसऱ्यांदा दंड. मग मुलांनी आपल्या रांजणाचे नियम केले. आधी पहिलीवाले, मग दुसरीवाले. ओगराळं एकाच्याच हाती, बाकी कोणी रांजणात हात घालायचा नाही. घुसला तर एकदा सांगायचं, पुन्हा घुसला तर शेवटी जायचं. ओगराळं धरणारा तो जागल्या, आणि तो रोज बदलायचा. फळ्याच्या कोपऱ्यात मी हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहिलं.

आठवडाभराने एक नियम बदलावा लागला. कोणाला ताप असेल तर त्याला आधी पाणी, असं त्यांनीच सुचवलं, हात वर करून ठरवलं आणि मी फळ्यावर भर घातली. त्याच बैठकीत ती लहानी उठली. तिला उद्या जागल्या व्हायचं होतं.

‘मॅडम, जागल्याले तहान लागनी तर?’

वर्ग विचारात पडला. जागल्याने आधी प्यायलं तर मोठी मुलं रोज जागल्या व्हायलाच भांडतील, असं एक जण म्हणाला. शेवटी प्यायलं तर त्याला पाणी उरेल का, असं दुसरी म्हणाली. बरीच घासाघीस झाली. अखेर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘त्याना नंबर उना का ओगराळं मांगलाले देवाचं. तोबी रांगमाच.’

त्याची पाळी आली की ओगराळं मागच्याला द्यायचं, तोही रांगेतच. मी खडू उचलला आणि ते तसंच लिहिलं.