ब्रूस डॉ यांच्या कवितेतील उपनगरी जीवन

ब्रूस डॉ (१९३०–२०२०) हे ऑस्ट्रेलियात सर्वाधिक वाचल्या गेलेल्या आधुनिक कवींपैकी एक. जन्म मेलबर्नमधील फिट्झरॉयचा. शाळा सोळाव्या वर्षीच सुटली. शेतमजुरी, लाकूड गिरणीतले काम, बागकाम, टपाल वाटणे अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. १९५९ ते १९६८ ते हवाई दलात होते. नंतर क्वीन्सलंडमधील टुवूम्बा येथे अध्यापन.

ऑस्ट्रेलियन कवितेवर दीर्घकाळ रानमाळाचा, म्हणजे ‘बुश’चा पगडा होता. बहुसंख्य लोक मात्र शहरांत आणि त्यांच्या उपनगरांत राहत होते. डॉ यांनी ही वस्ती तिच्याच बोलीत कवितेत आणली. ‘होमो सबर्बिएन्सिस’ (‘उपनगरी मानव’) या कवितेत संध्याकाळी परसातल्या भाजीच्या वाफ्यात एकटा उभा असलेला साधा माणूस दिसतो. कवी त्याच्याकडे वरून पाहत नाही. प्रेम, द्वेष, वय, युद्ध, मृत्यू हे सगळे त्याच्याही वाट्याला आलेले आहे.

‘ड्रिफ्टर्स’ ही सतत बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाची कविता. नवरा एक दिवस सामान बांधायला सांगेल. मग बायको वेलींवरचे हिरवे टोमॅटो तोडून घेईल. थोरली मुलगी रडवेली, कारण तिला इथे करमले होते; धाकटी खूश, कारण तिला करमले नव्हते. गाडीवर पहिली चढते ती फळे मुरवून ठेवायची भांडी, मागच्या गावाहून आल्यापासून कधी उघडलीच नाहीत अशी. गरिबीवर एक शब्दही न बोलता डॉ तिची सगळी हकीकत सांगतात. त्यांची ही सर्वांत हळवी कविता म्हणावी लागेल.

‘लाइफ-सायकल’मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे वेड जन्मापासून म्हातारपणापर्यंत धर्मासारखे पाळले जाते, थट्टा आहे, पण मायेची. ‘एंटर विदाउट सो मच ॲज नॉकिंग’मध्ये मात्र जाहिराती आणि रस्त्यावरच्या पाट्या माणसाला प्रसूतिगृहापासून दफनापर्यंत हाकत नेतात, आणि तिथे उपरोध बोचरा होतो.

सत्ता सामान्य माणसाचे काय करते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९६७ मध्ये रोनाल्ड रायन या कैद्याला मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगात फाशी झाली. ऑस्ट्रेलियातील ही अखेरची फाशी. त्यावरची कविता त्यांनी फाशी देणाऱ्याच्या तोंडी, प्रियकराच्या भाषेत लिहिली. व्हिएतनाम युद्धावरील ‘होमकमिंग’मध्ये (१९६८) एकाही मृत सैनिकाचे नाव नाही. देह गोळा करणे, पिशव्यांत भरणे, विमानाने घरी आणणे, अशी कामे तेवढी एकामागून एक येत राहतात.

‘समटाइम्स ग्लॅडनेस’ (१९७८) हा त्यांचा निवडक संग्रह ऑस्ट्रेलियन शाळांतून वर्षानुवर्षे अभ्यासला गेला. १९८० मध्ये त्यांना पॅट्रिक व्हाइट हा ऑस्ट्रेलियन साहित्य पुरस्कार मिळाला.