शिक्षा लागली, अपील करायचंय : जुन्या केसेसचं काय?

(आमच्या फौजदारी पक्षकारांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

"साहेब, जुन्या केसेस काढल्या म्हणूनच शिक्षा लागली." निकालानंतर घरचे आधी हेच सांगतात. कधी ते खरंही असतं, पण तेवढ्यावर अपील मंजूर होत नाही.

आधी चोरीच्या दोन केसेस होत्या, म्हणून तिसरी चोरीही त्यानेच केली, असं कोर्टाला धरता येत नाही. पुरावा कायद्याचं कलम 54 हेच सांगायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 49 आहे. आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा आणला, तर मात्र दार उघडतं. "आरोपी गावात सज्जन म्हणून ओळखला जातो, खरं ना?" असं उलटतपासात विचारलं आणि साक्षीदार हो म्हणाला, की सरकारी वकील जुन्या शिक्षेचे कागद काढणारच. हौसेने विचारलेला हा प्रश्न फार महाग पडतो. हेतू किंवा अपघाताचा बनाव दाखवायलाही जुन्या घटना चालतात. कायद्यातलंच उदाहरण आहे : विमा उतरवलेली घरं एकामागून एक जळत गेली, तर आग आपोआप लागली का, हे तपासताना आधीच्या आगीही बघतात.

अपिलात आम्ही पाहतो, की जुन्या केसेसचा हा मजकूर नेमका कुठे आलाय. तपासी अंमलदाराच्या सरतपासात (सरकारी वकिलांनी घेतलेल्या साक्षीत) एक ओळ असेल आणि शिक्षा प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांवर उभी असेल, तर फार उपयोग नाही. नको तो पुरावा आला तरी उरलेल्या पुराव्यावर निकाल टिकत असेल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 169 प्रमाणे तो फिरवत नाहीत. न्यायाधीशांनी दोषी ठरवतानाच त्यावर भिस्त ठेवली असेल, तर मुद्द्यात दम आहे. शिक्षा किती द्यायची, हे ठरवताना आधीची शिक्षा बघणं निराळं, ते चालतं.

अपिलाची मुदत सत्र न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 60. फाशी असेल तर 30. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. तुरुंगात असलेल्याला तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येतं. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल, तर अपिलासाठी शिक्षा देणाऱ्या कोर्टातच जामीन मागता येतो. म्हणून निकालाच्या दिवशी जामीनदार कागदपत्रं घेऊन कोर्टात हजर हवा.

येताना निकालपत्र, दोषारोप, सगळ्या साक्षींच्या नकला आणि जुन्या केसेसची खरी यादी आणा. सुटलेल्या, मिटलेल्या, चालू, सगळ्या. आमच्यापासून लपवू नका. अपील चालू असेपर्यंतच्या शिक्षेच्या स्थगितीला विरोध करताना पोलीस ती यादी जोडतातच.